दगडफुलातला १८एस लांब का येतोय? आणि इंट्रॉन मोक्याच्याच जागी का बसतात?

सिडकोची_सायंटिस्ट

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एम.एस्सी. मायक्रोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला दगडफूल घेतलंय. हो, तेच, काळ्या मसाल्यातलं. मसाल्याच्या डब्यातल्या वस्तूवर कोणी डिग्री देतं हे आईला अजून पटलेलं नाही. दगडफूल म्हणजे लायकेन, त्यात बुरशी आणि हिरवं शेवाळ एकत्र राहतात, इतपत तिला सांगून झालंय.

दोन नमुने आहेत. एक भद्रकालीतून आणलेल्या पुडीतला. पुडीत सरमिसळ असते म्हणून त्यातला एकच तुकडा वेगळा काढून घेतला. दुसरा त्र्यंबक रोडला मामाच्या मळ्यातल्या आंब्याच्या खोडावरून खरवडलेला. सीटॅबने डीएनए काढला, एनएस१ आणि एनएस८ प्रायमर लावून १८एस, म्हणजे राइबोसोमच्या लहान भागातल्या आरएनएचा जीन, पीसीआरने वाढवला. अपेक्षा साधारण १.८ केबीची, म्हणजे अठराशे बेसची. पुडीतल्या नमुन्याचा बँड २.३ केबीच्या जवळ आला. आंब्यावरच्याचे दोन बँड आले, एक १.८ला आणि एक २.४च्या आसपास. निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ आहे, लॅडरही नवीन आहे.

गाईड जेल बघून म्हणाले, कंटॅमिनेशन, पुन्हा कर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एक सीनियर म्हणाली इंट्रॉन असेल, म्हणजे जीनमधला असा तुकडा जो आरएनए बनल्यावर कापून टाकला जातो. मी तर असं शिकले होते की राइबोसोमल आरएनएच्या जीनमध्ये इंट्रॉन नसतात, टेट्राहायमिना (एक एकपेशी जीव) तेवढा अपवाद.

तर दोन प्रश्न. हा इंट्रॉन आहे की आणखी काही, हे साध्या पीसीआरवर कळेल का? सीक्वेन्सिंगला बाहेर पाठवायचं तर खिशातले पैसे जातात. दुसरं, वाचताना दिसलं की हे इंट्रॉन राइबोसोमच्या सगळ्यात महत्त्वाच्या, कोट्यवधी वर्षं न बदललेल्या भागांतच सापडतात. मला हे उलटं वाटतं. घुसायचंच तर जिथे कोणाचं काही बिघडत नाही तिथे घुसावं ना?

रानवाट

पहिल्या प्रश्नापुरतं सांगते. एनएस१-एनएस८ फक्त बुरशीचा १८एस धरत नाहीत, दगडफुलातल्या शेवाळाचाही धरतात. आंब्यावरच्या नमुन्यातला एक बँड शेवाळाचा असू शकतो. लायकेनमध्ये बहुतेकदा ट्रेबॉक्सिया नावाचं शेवाळ सापडतं, आणि गंमत म्हणजे त्याच्या १८एसमध्येही ग्रुप वन इंट्रॉन, म्हणजे स्वतःच स्वतःला कापून घेणाऱ्या कुळातले, नोंदले गेले आहेत. त्यामुळे लांब बँड बुरशीचाच, असं धरून चालू नकोस. आयटीएस१एफ हा प्रायमर बुरशीकडे झुकणारा आहे, १९९३पासून वापरात आहे. तो मागवलास तर गोंधळ बराच कमी होईल.

आणि अजून नमुने लागले तर मामाच्याच मळ्यातून घे. अंजनेरीच्या डोंगरावरून काही खरवडून आणू नकोस, ते राखीव क्षेत्र आहे.

दिंडोरी_रोड

सायंटिस्टबाई, मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. तरुणपणी पुण्यात यीस्टच्या राइबोसोमल आरएनएवर काम करायचो, आता दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये यीस्टची राखण करतो. या विषयावर बोलायला इथे कोणी मिळत नाही, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी ते 'टेट्राहायमिना तेवढा अपवाद'. आपल्याकडच्या नोट्समध्ये हे वाक्य वर्षानुवर्षं उतरवलं जातं. टेट्राहायमिना हा पहिला सापडला, इतकंच. थॉमस चेक यांनी तो निवडला त्यामागे व्यवहार होता: या एकपेशी जिवाच्या मोठ्या केंद्रकात राइबोसोमल जीनच्या दहा हजारांच्या घरात प्रती असतात, म्हणजे आरएनए भरपूर हाती लागतो. त्याच्या मोठ्या आरएनएच्या जीनमध्ये ४१३ न्यूक्लिओटाइडचा एक तुकडा आहे. तो कुठल्याही प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःला कापून बाहेर पडतो आणि मागची दोन टोकं जोडून देतो, हे १९८२ साली जाहीर झालं. १९८९चं नोबेल चेक यांना याच कामासाठी, सिडनी ऑल्टमन यांच्यासोबत. त्यानंतर असे इंट्रॉन सापडतच गेले: फायसारम आणि डिडिमियम या स्लाइम मोल्डमध्ये, नेग्लेरिया अमीबात, हिरव्या आणि लाल शेवाळांत, यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात, क्लॅमिडोमोनासच्या हरितलवकात. आणि बुरशींत तर ढिगाने, त्यातही लायकेन करणाऱ्या बुरशींत. क्लॅडोनिया क्लोरोफेया नावाच्या लायकेनवर १९९२ साली काम झालं, त्यात एकाच जातीसमूहातल्या वेगवेगळ्या नमुन्यांत इंट्रॉनची संख्या आणि जागा वेगवेगळ्या निघाल्या. म्हणजे तुमचे दोन नमुने एकमेकांशी जुळत नाहीत यात दचकण्यासारखं काही नाही.

आता जागा. नाव लिहायची पद्धत अशी: लहान आरएनए असेल तर एस, मोठा असेल तर एल, आणि पुढे ई. कोलाय या जिवाणूच्या आरएनएवरचा त्या जागेचा क्रमांक. ई. कोलायच्या स्वतःच्या राइबोसोमल जीनमध्ये हे इंट्रॉन नाहीत, पण मोजपट्टी त्याची, लहान आरएनएचे, म्हणजे १६एसचे, १५४२ न्यूक्लिओटाइड आणि मोठ्याचे, म्हणजे २३एसचे, २९०४. टेट्राहायमिनाचा इंट्रॉन झाला एल१९२५. तुमच्या कामाचे म्हणजे एस५१६, एस९४३, एस१५०६, एस१५१६. हे आकडे जवळ लिहून ठेवा.

२००० साली राइबोसोमच्या दोन्ही भागांच्या बारीक रचना प्रसिद्ध झाल्या. २००९चं नोबेल त्यावरच, आणि त्यातले वेंकी रामकृष्णन आपल्या शेजारच्या बडोद्यात शिकलेले. मग २००२ साली सारा वुडसन आणि रॉबिन गुटेल यांच्या गटांनी तोवर माहीत असलेले इंट्रॉन त्या रचनेवर मांडून पाहिले. सरळ ओळीत विखुरलेल्या दिसणाऱ्या जागा त्रिमितीत एकत्र आल्या. टीआरएनए (प्रथिनासाठी अमिनो आम्ल आणून देणारा आरएनए) जिथे बसतो तिथे, दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे. एल१९२५ घ्या. २३एसची ६९वी हेलिक्स (आरएनए स्वतःवर दुमडून झालेला पीळ) १९०६ ते १९२४. ती लहान भागाला जाऊन टेकते आणि टीआरएनएलाही स्पर्श करते. ती संपली की लगेच इंट्रॉन. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातला ओमेगा इंट्रॉन आहे एल२४४९वर. दोन घरं सोडून २४५१चा ए, म्हणजे पेप्टाइड बंध जिथे जुळतो त्या जागेचा गाभा. एस५१६ बसतो १८व्या हेलिक्समध्ये, जिथे कोडॉनची तपासणी होते. एस१५०६ आणि एस१५१६ त्या तपासणीच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेपटाकडे.

म्हणजे तुम्ही वाचलंय ते खरं आहे. आता ते उलटं वाटतं, त्याबद्दल.

राइबोसोमल आरएनएमध्ये जास्तीची लांबी दोन प्रकारांनी येते. माणसाचा मोठा आरएनए, २८एस, पाच हजार न्यूक्लिओटाइडच्या वर आहे, ई. कोलायचा २९०४. मधला जो फरक आहे तो बहुतेक 'एक्स्पान्शन सेगमेंट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकड्यांचा, आणि ते पक्क्या आरएनएमध्ये तसेच राहतात. ते कुठे असतात? राइबोसोमच्या बाहेरच्या अंगाला, जिथे कोणाचं काही बिघडत नाही, अगदी तुम्ही म्हणता तसं. जी भर कायम राहते ती बाहेर. जी भर काम सुरू होण्याआधी निघून जाते ती आत, मध्यात. या दोन नकाशांना शेजारी ठेवून पाहिलं की कोडं निम्मं सुटतं, आणि पुस्तकं नेमके हे दोन नकाशे वेगवेगळ्या प्रकरणांत देतात.

उरलेलं निम्मं असं. आपल्याला दिसतात ते टिकलेले इंट्रॉन. कुठेकुठे पडले होते याची यादी आपल्याकडे नाही. रविवार कारंजावर भर गर्दीत हातगाडी लावणारा तोच टिकतो, ज्याला पालिकेची गाडी दिसताच अर्ध्या मिनिटात गाशा गुंडाळता येतो. ज्याला जमत नाही त्याची गाडी जप्त. आडगल्लीत मात्र न गुंडाळता पडून राहिलेल्या गाड्या असतात आणि हळूहळू त्या गल्लीचाच भाग होतात. राइबोसोमच्या गाभ्यातल्या इंट्रॉनने कापून निघण्याची कला गमावली तर ती प्रत बाद. त्यामुळे तिथे जे आहेत ते सगळे हातसफाईचे. बदलत्या भागात ही सक्ती नाही. कला गमावली तरी कोणी विचारत नाही, आणि मग काही काळाने त्याला इंट्रॉन म्हणून ओळखताही येत नाही.

पण टिकणं ही झाली एक बाजू, पसरणं दुसरी. ओमेगाची गोष्ट यीस्टवाल्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७०च्या आसपास फ्रान्समध्ये यीस्टच्या जातींची लग्नं लावून क्लोरॅम्फेनिकॉल आणि एरिथ्रोमायसिनला दाद न देणारी मायटोकॉन्ड्रियाची लक्षणं पोरांत कशी उतरतात ते बघत होते. एका बाजूच्या आईबापाचं लक्षण प्रमाणाबाहेर उतरत होतं. पुढे उलगडलं की त्या बाजूच्या मोठ्या आरएनएच्या, २१एसच्या, जीनमध्ये इंट्रॉन आहे आणि त्या इंट्रॉनच्या आत एका कात्रीची कृती लिहिलेली आहे. आय-एससीई१ हे त्या एंझाइमचं नाव. ते १८ बेसची जागा ओळखतं, इंट्रॉन नसलेल्या प्रतीत नेमका तिथे काप घेतं, आणि पेशी तो काप दुरुस्त करताना इंट्रॉनवाली प्रत नमुना म्हणून वापरते. झालं, इंट्रॉन तिथेही आला.

आता १८ बेसची ओळखीची जागा हवी असेल आणि एका जातीतून दुसऱ्या जातीत जायचं असेल, तर कुठली जागा धराल? जी सगळ्यांकडे सारखी आहे ती. बदलत्या भागात बसलात तर पुढच्या जातीत तुमची जागाच नसते. क्लॅमिडोमोनास युगामेटोसच्या हरितलवकातल्या इंट्रॉनचं आय-सीईयू१ हे एंझाइम याचा चोख पुरावा. कुठे शेवाळ आणि कुठे आतड्यातला जिवाणू, पण हे एंझाइम ई. कोलायचा अख्खा जीनोम फक्त सात जागी कापतं, कारण त्याच्याकडे २३एसचे जीन सात आहेत. जिवाणूंचे जीनोम मापायला ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं.

दुसरा रस्ता रिव्हर्स स्प्लायसिंगचा. बाहेर पडलेला इंट्रॉन तीच क्रिया उलटी करून दुसऱ्या आरएनएत शिरतो. त्याला जुळणी लागते जेमतेम चार ते सहा बेसची, म्हणून नवी जागा धरायला हा सोपा. टेट्राहायमिनाचा इंट्रॉन ई. कोलायच्या जिवंत पेशीत घातला तर तिथल्या २३एसमध्ये शिरताना दिसतो, हे वुडसन यांच्या गटाने १९९८मध्ये दाखवलं. मात्र आरएनएत शिरून भागत नाही. त्याची डीएनए प्रत होऊन ती जीनमध्ये मिसळायला हवी.

माझं स्वतःचं मत: एकाच जागेवर जाती-जातींत पसरण्याचं काम बहुतांशी कात्रीचं, आणि नव्या जागी उडी मारण्याचं रिव्हर्स स्प्लायसिंगचं. आणि गाभ्यातला आरएनए बांधणीच्या वेळी बराच काळ उघडा असतो म्हणून तिथे शिरतात, हे जे कारण दिलं जातं त्याला मी कमी गुण देईन. कारण आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या शाखेतले एकपेशी जीव. डेसल्फ्युरोकोकस मोबिलिसच्या २३एसमध्ये ६२२ न्यूक्लिओटाइडचा इंट्रॉन १९८५मध्ये सापडला. आर्कियांचे इंट्रॉन स्वतः कापून घेत नाहीत. त्यांना प्रथिनं कापतात, टीआरएनएच्या इंट्रॉनसारखी. यंत्रणा सगळी वेगळी, आणि तरी तेही सांभाळून ठेवलेल्या भागांतच बसलेले. यांच्यात समान काय, तर कात्री. डेसल्फ्युरोकोकसच्या इंट्रॉनमध्येही आहे, आय-डीएमओ१.

आता तुमच्या जेलकडे. युनिव्हर्सल प्रायमर कुठून निवडतात? सगळ्यांकडे सारख्या असणाऱ्या भागांतून. म्हणजे तुमचे प्रायमर आणि इंट्रॉन एकाच जागेवर दावा सांगतात. एस५१६ हा एनएस२ आणि एनएस३च्या चिकटण्याच्या जागेतच पडतो, एस१५१६ हा आयटीएस१ आणि एनएस८च्या जागेत. तिथे इंट्रॉन असेल तर प्रायमरची जागा दुभंगते आणि बँड लांब येत नाही, येतच नाही. बिनइंट्रॉनची एखादी प्रत असली तर तेवढीच वाढते आणि आपण म्हणतो, बघा, इंट्रॉन नाही. दगडफुलाचं सोडा, जिवाणूंच्या १६एस सर्वेक्षणात हीच फसगत होते. गंधकाच्या त्या राक्षसी आकाराच्या जिवाणूंत १६एसमध्ये एकाहून जास्त इंट्रॉन आहेत.

एस१५०६ मात्र तुम्हाला सोयीचा आहे. तो आयटीएस१ प्रायमरच्या किंचित आधी पडतो, आणि आयटीएस१एफ त्याच्याही आधी चिकटतो. म्हणून एकाच डीएनएवर दोन पीसीआर लावा: आयटीएस१एफ-आयटीएस४ आणि आयटीएस१-आयटीएस४. इंट्रॉन नसेल तर दोन्हींत चाळीसेक बेसचा फरक दिसायला हवा. दोन-तीनशेचा दिसला तर १५०६ समजा. मग १८एस चार तुकड्यांत चालत जा: एनएस१-एनएस२ साधारण ५५५, एनएस३-एनएस४ ५९७, एनएस५-एनएस६ ३१०, एनएस७-एनएस८ ३७७. जो तुकडा फुगलेला, त्यात शोधा. एस९४३ हा एनएस५-एनएस६मध्ये येतो. प्रायमर सगळे जुने आणि स्वस्त आहेत, कुठल्यातरी फ्रीजरमध्ये सापडतील.

निफाडचा_बागवाला

दादा, सगळं कळलं असं म्हणत नाही, पण हातगाडीचं पटलं. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री, घरची द्राक्षबाग. एक विचारू का? भुरी रोगाला अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक आता पूर्वीसारखं लागू पडत नाही. एका कंपनीच्या माणसाने मीटिंगमध्ये सांगितलं की काही बुरशींत इंट्रॉन असल्यामुळे त्यांना या औषधाचा रेझिस्टन्स येतच नाही. हे खरं का? आणि मग भुरीला का आला?

सिडकोची_सायंटिस्ट

काका, तुम्ही 'बाई' म्हटलं की मी मागे वळून बघते. सायंटिस्ट म्हटलं तरी चालेल.

सगळे प्रायमर डिपार्टमेंटच्या फ्रीजरमध्येच निघाले, एनएस६ तेवढा शेजारच्या कॉलेजमधून उसना आणला. पुडीतल्या नमुन्याचं सांगते. आयटीएस१-आयटीएस४ ६००च्या जवळ, आयटीएस१एफ-आयटीएस४ ८५०च्या वर. एनएस५-एनएस६ ३१०च्या ऐवजी साडेपाचशेच्या पुढे. एनएस१-एनएस२ आणि एनएस३-एनएस४ अगदी जागेवर. एनएस७-एनएस८ फुगलेला, पण तो १५०६मुळेच असणार ना, एनएस८ त्याच्या पलीकडे आहे म्हणून?

आंब्यावरच्या नमुन्यात एनएस प्रायमरनी सगळीकडे दोन-दोन बँड येताहेत, ते शेवाळ असावं असं मीही आता धरून चाललेय. पण आयटीएस१एफ-आयटीएस४नेही दोन आले, एक ६४०च्या आसपास आणि एक ८७०च्या. आयटीएस१एफ शेवाळ धरत नाही म्हणता, मग हे काय?

लॅबवाली_मुंबईनाका

दोन बँडवरून आठवलं म्हणून मध्येच. मी हॉस्पिटलच्या मायक्रो लॅबमध्ये आहे. कॅन्डिडा अल्बिकन्सचे ए, बी, सी असे जीनोटाइप करतात ते याच गोष्टीवर. २५एसच्या, म्हणजे तिच्या मोठ्या आरएनएच्या, जीनमधल्या इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंनी प्रायमर लावायचे. ४५० आला तर ए, म्हणजे इंट्रॉन नाही. ८४० आला तर बी, इंट्रॉन आहे. दोन्ही आले तर सी. एकाच पेशीत काही प्रती इंट्रॉनवाल्या, काही विना. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिसचा तर १०८०च्या जवळ येतो, त्यामुळे ती लगेच वेगळी कळते. आम्ही नुसते आकडे वाचतो, यामागे एवढं पुराण आहे हे आज कळलं. माणसाच्या राइबोसोमल जीनमध्ये असं काही असतं का? नसेल तर औषधाला चांगला नेम आहे की.

दिंडोरी_रोड

लॅबवाली ताईंनी माझं काम हलकं केलं. सायंटिस्ट, तुझ्या आंब्याचं उत्तर बहुधा तेच: राइबोसोमल जीनच्या शेकडो प्रती ओळीने असतात, आणि सगळ्या एकसारख्या होण्याकडे कल असला तरी मधल्या अवस्थेत मिश्र सापडतात. आयटीएस१एफ शेवाळ धरतच नाही असं मात्र छातीठोक म्हणू नकोस. आणि खोडावर दोन लायकेन एकमेकांना खेटून वाढतात, खरवडताना दुसऱ्याचा कण येणं सहज शक्य आहे. दोन्ही बँड जेलमधून वेगळे कापून सीक्वेन्स कर. आयटीएसचा भाग (राइबोसोमल जीनच्या मधला, जाती-जातींत बदलणारा पट्टा) दोन्हींत तंतोतंत जुळला तर एकाच बुरशीच्या दोन प्रकारच्या प्रती. वेगळा निघाला तर दोन बुरशी. एनएस७-एनएस८बद्दल बरोबर बोललीस. एनएस५-एनएस६मधला ९४३ असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण त्याच तुकड्यात ९५६ही येतो, तेव्हा सीक्वेन्स हातात आल्याशिवाय थिसिसमध्ये आकडा लिहू नकोस.

बागवाले, तुमची गोष्ट राइबोसोमची नाही, मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बीच्या जीनची आहे, पण इंट्रॉन याच कुळातला, ग्रुप वन. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनसारखी स्ट्रोबिल्युरिन औषधं त्या प्रथिनाला धरतात. १४३व्या जागी ग्लायसीनचं अ‍ॅलॅनीन झालं की औषधाची पकड सुटते, आणि त्याला डीएनएतलं एकच अक्षर बदलावं लागतं. आता तांबेरा करणाऱ्या पक्सिनिया बुरशींत बरोबर १४३च्या कोडॉनला लागून इंट्रॉन आहे. इंट्रॉन कापून निघायच्या आधी शेजारच्या एक्सॉनची (मागे राहणाऱ्या भागाची) अक्षरं त्याच्या आतल्या अक्षरांशी जुळवून घेतो. ते अक्षर बदललं की जुळणी मोडते, इंट्रॉन निघत नाही, सायटोक्रोम बी तयार होत नाही आणि बुरशीच मरते. म्हणून त्या वाटेने तिथे रेझिस्टन्स येत नाही. द्राक्षाच्या भुरीत आणि डावणीत त्या जागी हा अडसर नाही, आणि १४३चा बदल दोन्हींत नोंदला गेला आहे. टोमॅटोवरचा लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया सोलॅनी, त्यात १२९व्या जागेचा बदल दिसतो, त्याने औषधाचा जोर थोडाच कमी होतो. तेव्हा मीटिंगमधला माणूस खोटं बोलला नाही, पण ते तुमच्या भुरीला लागू नाही. फवारणीत गट बदलत राहा, एकाच गटाची औषधं लागोपाठ मारू नका.

लॅबवाली ताई, माणसाच्या, किंबहुना कुठल्याच पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या केंद्रकातल्या राइबोसोमल जीनमध्ये असे इंट्रॉन सापडलेले नाहीत. औषधाचा विचार झालेला आहे. न्यूमोसिस्टिस या न्यूमोनिया करणाऱ्या बुरशीच्या राइबोसोमल जीनमध्ये ग्रुप वन इंट्रॉन आहेत, आणि त्या न्यूमोनियावर दिलं जाणारं पेंटामिडीन परीक्षानळीत त्यांचं स्प्लायसिंग अडवतं. रुग्णाच्या शरीरात ते याच वाटेने काम करतं असं मी म्हणणार नाही, पेंटामिडीन पेशीत बऱ्याच ठिकाणी लुडबुड करतं.

फळमाशीच्या २८एसमध्ये आर१ आणि आर२ नावाचे लांब तुकडे असतात, ते काही जण इंट्रॉन समजतात. ते उड्या मारणारे रेट्रोट्रान्सपोझॉन आहेत, कापून निघत नाहीत, आणि ज्या प्रतीत बसतात ती प्रत कामातून जाते. प्रती शेकड्यांनी असल्यामुळे माशीचं निभतं. पण जागा बघा: तेही २८एसच्या सांभाळलेल्या भागातच. गुंडाळता येत नाही तरी तिथेच, कारण त्यांची कात्रीही ठरावीक अनुक्रम शोधते. म्हणून मी पसरण्याला टिकण्यापेक्षा झुकतं माप देतो.

रानवाट

दिंडोरीकाका, एक भर घालू? लायकेनच्या राइबोसोमल जीनमध्ये सगळे इंट्रॉन ग्रुप वनच असतात असं नाही. फायशिया या लायकेनमध्ये अगदी छोटे, साधारण पन्नास-साठ बेसचे इंट्रॉन २०००च्या सुमारास नोंदले गेले. त्यांची टोकं जीटी-एजी अशी, म्हणजे स्प्लायसोसोम या पेशीतल्या कापणाऱ्या यंत्रणेने कापल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रथिनांच्या जीनमधल्या इंट्रॉनसारखी. एवढा छोटा असेल तर जेलवर फरक नजरेतून निसटतो. तेव्हा सायंटिस्ट, एनएस१-एनएस२ 'अगदी जागेवर' म्हणालीस ते किती टक्के जेलवर?

सिडकोची_सायंटिस्ट

एक टक्का. म्हणजे पन्नास बेस मला दिसलेच नसते. दोन टक्क्यांवर पुन्हा पळवते.

शेवटचं विचारते. इंट्रॉन खरंच कापून निघतो हे दाखवलं तर गाईडचं समाधान होईल असं वाटतंय. पुडीतल्या दगडफुलातून आरएनए निघेल का?

दिंडोरी_रोड

पुडीतल्यातून नको. ते वाळून, गोदामात पडून, कुठून कुठून हात बदलत आलेलं असतं. त्यातून डीएनए निघाला हेच पुष्कळ. आंब्यावरचं घे, पाऊस पडून गेल्यावर, ओलं आणि हिरवट दिसत असताना. जागेवरच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकता आलं तर उत्तम. मामाच्या मळ्यापर्यंत फ्लास्क नेणं जमत नसेल तर आरएनए टिकवणारं द्रावण ने. पुढे डीएनएज हे एंझाइम लावून त्यातला डीएनए पूर्ण घालव, नाहीतर सगळी मेहनत फुकट. मग सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून डीएनए प्रत, करून त्याच चार जोड्या लाव. डीएनएवर फुगलेला येणारा एनएस५-एनएस६चा तुकडा सीडीएनएवर ३१०ला आला पाहिजे. शेजारी फिकट लांब बँड राहिला तर घाबरू नकोस, तो अजून न कापलेल्या प्रीकर्सरचा.

एस१५०६ मात्र आयटीएस१एफ-आयटीएस४ने सीडीएनएवर तपासायला जाशील तर अडकशील. पक्क्या आरएनएमध्ये आयटीएस उरतच नाही, तो आधीच कापून टाकलेला असतो. तिथे एनएस७-एनएस८च वापर.

सीक्वेन्स आला की आरफॅम या आरएनएच्या डेटाबेसमधल्या आरएफ०००२८ या कुळाशी ताडून बघ, ग्रुप वनचा गाभा असेल तर तिथे सापडतो. इंट्रॉनच्या आधीचं शेवटचं अक्षर टी आणि इंट्रॉनचं स्वतःचं शेवटचं जी आहे ना, तेही डोळ्यांनी बघ.

आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएची डीएनए प्रत करणारं एंझाइम) न घालता केलेला कंट्रोल लावल्याशिवाय गाईडना जेल दाखवू नकोस. कंटॅमिनेशनवाले गाईड पहिला प्रश्न तोच विचारणार.